चांदी आणि मीना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात घराच्या मागच्या पडवीत माझी छोटी कार्यशाळा आहे. एक विजेची भट्टी, एक ऐरण, पत्रा दाबायचं रोलिंग मशीन, कानशी, चिमटे आणि काचपुडीच्या साठेक बाटल्या एवढाच पसारा. चांदीवर मीना करून मी फुलं, पानं, पाखरं घडवते. फोनवर आणि प्रदर्शनात लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत. घाई असेल तर निदान स्वच्छता आणि दुरुस्तीची दोन उत्तरं तरी वाचा, म्हणजे पुढे दोघांनाही मनस्ताप नको.

मीना म्हणजे रंगच ना?

काच. वाळू, क्षार आणि धातूंची ऑक्साइडं एकत्र वितळवून केलेली रंगीत काच कुटून बारीक रव्याएवढी करायची, पाच-सहा पाण्यांनी धुवायची, ओली असतानाच बारीक ब्रशने चांदीवर भरायची आणि पूर्ण वाळल्यावर ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायची. दीड-दोन मिनिटांत आधी साखरेसारखी दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत आणि मग एकदम सपाट, चकचकीत. तिथे बाहेर काढायची. हे एकदा करून भागत नाही. नाण्याएवढ्या पदकाला पाच ते आठ वेळा भट्टी लागते, दर वेळी एक पातळ थर.

रंग येतो तो काचेत विरघळलेल्या धातूमुळे. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवट निळा, क्रोमियमचा पानाचा हिरवा, मँगनीजचा जांभळा. गुलाबी आणि माणकासारखा लाल चक्क सोन्यामुळे येतो, म्हणून त्या बाटल्या मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते.

खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात. काच आहे म्हणून उन्हाने विटत नाही, घामाने उतरत नाही, पन्नास वर्षांनीही निळं निळंच राहतं. आणि काच आहे म्हणूनच फरशीवर आपटली तर टवका उडतो.

पेठेत दोनशे रुपयांत मीन्याचे कानातले मिळतात. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?

त्यातले बहुतेक लाखेसारखा रंग किंवा रेझिन भरून, नुसते वाळवून केलेले असतात. स्वस्त आहेत, हलके आहेत, कॉलेजला जाताना घालायला छान आहेत. मला त्यांचा राग नाही. राग येतो तो त्यालाच ‘अस्सल मीनाकारी’ म्हणून चौपट भाव लावला की.

ओळखायचं कसं? गालाला लावून बघा. काच गार लागते, रेझिन लागत नाही. मग मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा कोपऱ्यात, सुईचं टोक हलकेच दाबा. रेझिनमध्ये ते रुततं, काचेवरून घसरतं. दुकानदार सुई लावू देत नसेल तर त्यातूनही बरंच कळतं.

लाल जास्वंद का करत नाही? पळस? पांगारा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं दुखरं बोटही हेच.

चांदीचं आणि लाल रंगाचं पटत नाही. पारदर्शक लाल काच थेट चांदीवर भाजली की चांदीशी तिची रासायनिक कुरबुर सुरू होते आणि जास्वंदीचा लाल बाहेर येतो तो जळक्या गुळासारखा होऊन. पिवळ्या-केशरी पारदर्शक रंगांचंही थोडंफार असंच. निळा आणि हिरवा मात्र चांदीवर जीव ओततात. उत्तरेतलं जुनं चांदीचं मीनाकाम पाहिलंत तर हे लगेच लक्षात येईल. हिमाचलातल्या कांगड्याचं काम गडद निळं आणि हिरवं, लखनौच्या चांदीच्या भांड्यांवरही तेच दोन रंग पुढे. जयपूरचा प्रसिद्ध लाल बघाल तर तो सोन्यावर असतो. ही निव्वळ आवडनिवड नव्हती, धातूनेच घालून दिलेली शिस्त होती.

पळवाटा दोन. एक म्हणजे आधी बिनरंगाच्या काचेचा थर भाजून चांदी आणि लाल यांच्यात पडदा घालायचा. दुसरी म्हणजे त्या थरावर चोख सोन्याचं पातळ पान भाजून घ्यायचं आणि त्यावर लाल चढवायचा. दुसऱ्या वाटेने पळस खरोखर पेटल्यासारखा दिसतो, पण किंमतही पेटते. म्हणून लाल फुलं फक्त सांगून करवून घेतली तरच करते, आणि त्यातही ‘थोडा फरक पडेल’ हे आधीच कबूल करून घेते. अपारदर्शक लाल सोपा पडतो. पण मला तो खेळण्यातल्या गाडीसारखा वाटतो. माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

मग पांढरी बकुळ तरी स्वस्त हवी ना? त्यात रंगच नाही.

पांढरा सगळ्यात खाष्ट आहे. काळ्या काचेचा एक कण उडून पडला, भट्टीच्या भिंतीचा कपचा सुटला, चांदीच्या कडेची जरा काजळी राहिली की भाजल्यावर बरोबर पाकळीच्या मधोमध काळा ठिपका. कितीही घासा, तो आत असतो. म्हणून मी पांढरं काम सकाळी, भट्टी पुसून, पहिल्यांदा करते. त्या दिवशी दुसरी कुठलीही बाटली उघडत नाही. बकुळ, मोगरा, अनंत ही दिसायला साधी फुलं माझ्याकडे गोकर्णापेक्षा महाग आहेत ती यामुळे. गोकर्ण म्हणजे कोरलेल्या चांदीवर कोबाल्टचे दोन-तीन थर. बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात जमतं.

चांदी शुद्ध आहे का? हॉलमार्क असतो का?

मीन्याखालचा पत्रा चोख असतो, ९९९ चा. अंगठीचं कडं, ब्रोचची पिन, कानातल्याचा आकडा ९२५ चांदीत करते, म्हणजे हजारात ७५ भाग तांबं. चोख चांदी इतकी मऊ असते की अंगठी पिशवी उचलतानाच लंबगोल होईल. तांब्याने ताकद येते.

मग मीनाही ९२५ वरच का करत नाही? तापल्यावर ते तांबं काळं पडतं आणि पारदर्शक काचेखाली मळकट डाग दिसू लागतात. जुनी युक्ती अशी की चांदी तापवायची, आंबट पाण्यात टाकायची, परत तापवायची. असं पाच-सात वेळा केलं की वरचं तांबं निघून जाऊन पृष्ठभागावर शुद्ध चांदीची पांढरी साय येते. तीही करून पाहिली आहे. शिवाय चोख चांदी ९६१ अंशांना वितळते, ९२५ मात्र ८०० च्या आसपासच हळवी व्हायला लागते. माझी भट्टी त्याच आकड्यांत असते. एकदा ९२५ वर केलेलं ‘टोपली कारवी’ नावाचं रानफूल भट्टीत गेलं आणि बाहेर आला तो वितळून बसलेला गोळा. तेव्हापासून चोखच.

चांदीचं हॉलमार्किंग भारतात सोन्यासारखं सक्तीचं नाही, ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही सहा अंकाक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, सुरू झाला, तोही ऐच्छिकच. ज्यांना हवा असेल त्यांनी मागणी नोंदवतानाच सांगावं, नंतर नको. बिलावर चांदीचं वजन आणि मीन्यासकट वजन मी वेगवेगळं लिहिते. काचेला चांदीचा भाव लावणं मला पटत नाही. दुसरीकडे घेतलंत तरी हे विचारत जा.

पदकाच्या मागेही मीना का? दिसत तर नाही.

तापवल्यावर चांदी काचेपेक्षा जास्त फुगते आणि गार होताना जास्त आखडते. एकाच बाजूला काच असेल तर पातळ पत्रा पापडासारखा वाकतो आणि मग वरची काच तडकते. मागेही तेवढीच काच असली की ओढ दोन्हीकडून सारखी. मागे मी बहुधा उरलेल्या रंगांची सरमिसळ वापरते. काही गिऱ्हाइकांना तीच बाजू जास्त आवडते आणि ती उलटी घालून फिरतात. माझी हरकत नाही, आठ भट्ट्यांची मेहनत पाठीला लागते एवढंच.

फूल हुबेहूब का दिसत नाही?

हुबेहूब करायचंच नसतं. तरी प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगते.

कास पठार माझ्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कासही आलं, आणि तेव्हापासून तिथे माणसांचाही बहर येतो. मी शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जाते. वही आणि भिंग घेऊन बसते. फूल तोडत नाही, तोडायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

भिंगातून पाहिलं की कळतं, फुलात एवढं असतं की चांदीत ते मावणारच नाही. सीतेची आसवं घ्या. नखाएवढं निळं-जांभळं फूल, आणि मुळाशी सूक्ष्म किडे पकडणाऱ्या पिशव्या. किडे खाणारी वनस्पती आणि नाव असं हळवं! त्यातलं मी काय घेते? फक्त खालची पसरट पाकळी आणि तिच्यावरचा पांढरा ठिपका. मान जरा कलती ठेवते. बाकी सोडून देते. सोनकीत पाकळ्या मोजत बसत नाही, मधल्या गाठोड्याला चांदीचे बारीक रवे लावते आणि भोवती पिवळा. तेरड्याचं मात्र उलटं. त्याची मागची वळलेली शेपटी राहिली नाही तर तो तेरडा वाटतच नाही, मग पाकळीचा रंग कितीही जमलेला असो. प्रत्येक फुलात अशी एक खूण असते जी सुटली की नाव सुटतं. ती सापडेपर्यंत मी वहीत रेघोट्या मारते. कारवीची मला सापडायला दोन बहर लागले. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झाड आहे ते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

पाखरांच्या बाबतीत काच मला मदत करते. खंड्याच्या पिसात किंवा मोरपिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या बारीक रचनेवरून प्रकाश उलटून येतो आणि डोळ्याला निळा दिसतो, म्हणून कोन बदलला की छटा बदलते. पारदर्शक मीन्याचंही काहीसं तसंच. काचेखालच्या चांदीवर मी बारीक रेघा कोरते. प्रकाश काचेतून आत जातो, त्या रेघांवर आपटतो आणि रंगून बाहेर येतो. मान हलवली की पंख हलल्यासारखा वाटतो. फोटोत हे कधीच येत नाही. फोटो बघून ‘जरा गडद वाटतंय’ म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते, खिडकीपाशी नेऊन बघा.

राणी पाकोळी, म्हणजे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, मला अजून मनासारखी जमलेली नाही. काळ्या पंखावर निळे पट्टे. काळा आणि निळा शेजारी आले की भाजताना काळा हळूच निळ्यात शिरतो. मधे चांदीची तार उभी करून कप्पे करावे लागतात, आणि तार आली की पंखाला जाळीची खिडकी झाल्यासारखं वाटतं. प्रयत्न चालू आहेत. विकायला ठेवलेली नाही, कृपया विचारू नका.

खरं पान वापरता का?

ठसा घेण्यापुरतं. लहानपणी वहीत पिंपळाचं पान ठेवून त्याची जाळी व्हायची वाट बघितली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. ते जाळीदार पान तापवून मऊ केलेल्या चांदीच्या पत्र्यावर ठेवायचं, वर दुसरा पत्रा, आणि दोन्ही रोलिंग मशीनमधून एकदाच दाबून काढायचे. पानाचा चुरा होतो पण शिरा न् शिरा चांदीत उतरते. त्यावर हिरव्या काचेचे पातळ थर दिले की शिरा तळाशी चमकत राहतात. दुसऱ्यांदा त्याच पानाचा ठसा मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक पिंपळपान वेगळं. तुमच्या वहीतलं जपलेलं पान पाठवलंत तर त्याचंही करून देते. मात्र एकच संधी असते, आणि पान परत मिळणार नाही, याचा विचार करून पाठवा. गेल्या वर्षी एका ताईंनी आईच्या पोथीतलं पान पाठवलं होतं. ते मशीनमध्ये घालायच्या आधी मी दोन दिवस नुसती बाजारातल्या पिंपळाच्या पानांवर सराव करत होते.

हे घातलं तर काळं पडेल का? स्वच्छ कसं करायचं?

मीना काळा पडत नाही. चांदी पडते. हवेतल्या गंधकामुळे तिच्यावर काळा थर धरतो. कांदा, अंडं, रबर, काही कपडे यांच्यात गंधक असतं. कोकणात उन्हवऱ्याला किंवा ठाण्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडात उतरणार असाल तर चांदी आधी काढून ठेवा, नाहीतर बाहेर याल तेव्हा पैंजण ओळखू येणार नाहीत.

कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, मऊ सुती फडकं. झालं. पुसून पूर्ण कोरडं करून, हवा न शिरणाऱ्या छोट्या पिशवीत ठेवा. रोज घातलेली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा कमी काळी पडते, त्यामुळे सणापुरती ठेवू नका.

काय करू नये याची यादी आपल्याकडे पिढीजात आहे. दंतमंजन नको. रांगोळी तर अजिबात नको, साध्या चांदीच्या निरांजनाला चालते म्हणून इथेही चालेल असं नाही, तिने काचेवर बारीक ओरखडे उठतात. चिंच, लिंबू, आमसूल नको, आंबटाने काही रंगांची चमक मरते. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवायची युक्ती इंटरनेटवर फार फिरते. साध्या चांदीवर ती काम करते, पण मी रेघांमध्ये मुद्दाम ठेवलेला काळेपणाही ती धुऊन नेते, आणि गार काचेवर उकळतं पाणी पडलं तर काय होतं हे चहाचा ग्लास फुटलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. चष्म्याच्या दुकानातलं थरथरणारं यंत्रही नको.

अत्तर, हेअरस्प्रे आधी, दागिना नंतर. आंघोळ, पोहणं, भांडी घासणं, काढून.

टवका उडाला, अंगठी सैल झाली, आकडा तुटला. आमच्या सराफाकडून दुरुस्त करून घेऊ का?

कृपा करून नको. आणि दिलीच तर हातात देण्यापूर्वी ‘यावर काचेचा मीना आहे’ असं मोठ्याने सांगा. एका बाईंनी माझी निळी अंगठी त्यांच्या गावातल्या ओळखीच्या सोनाराकडे मापाला दिली. त्याने नेहमीसारखी फुंकणी मारली. एका बाजूने ज्योत लागताच काच कडकन फुटून उडाली. चूक त्याची म्हणावी तर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मी, पाकिटात चिठ्ठी घालून. आता प्रत्येक डबीत चिठ्ठी असते.

त्या प्रसंगानंतर कामाची पद्धतही बदलली. आता मीन्याचा तुकडा वेगळा भाजते आणि सगळा डाक देऊन (म्हणजे सांधे जोडून), पॉलिश होऊन तयार झालेल्या अंगठीत तो शेवटी कोंदणात बसवते, खड्यासारखा. कोंदणाची कड ओपणीने, म्हणजे चांदी दाबून गुळगुळीत करायच्या हत्याराने, वळवली की झालं, आच लागत नाही. त्यामुळे माप बदलायचं तर कोंदण उघडून तुकडा काढता येतो. टवका उडाला असेल तर पुन्हा भरून भाजता येतं, फक्त जुन्या आणि नव्या काचेची छटा केसभर वेगळी दिसू शकते. पहिल्या वर्षात दुरुस्तीचे पैसे घेत नाही. कुत्र्याने चावलेलं यात धरत नाही. हो, झालंय.

आजीचे पैंजण वितळवून त्यातून करून द्याल का?

भावना समजते, आणि शक्य असतं तर आनंदाने केलं असतं. पण जुन्या पैंजणात, करदोट्यात सांध्यांचा डाक भरपूर असतो आणि त्यात जस्तासारखे धातू मिसळलेले असतात. टंच काढल्याशिवाय ती चांदी किती टक्के आहे हे सोनारालाही सांगता येत नाही. अशा चांदीवर काच भाजली की तिला बुडबुडे येतात.

दोन मार्ग सुचवते. एक, जुनी चांदी गाळून चोख करणाऱ्याकडे द्या, घट सोसा, आणि येईल ती चोख चांदी मला पाठवा. दुसरा, जो मला जास्त आवडतो: पैंजणातली एखादी कडी किंवा घुंगरू तसंच ठेवा आणि ते नव्या पदकाला लटकन म्हणून जोडू. आजीच्या पायातलं घुंगरू वाजायला तर हवं.

ही कला जयपूरची. महाराष्ट्राचं यात काय?

मीना हा शब्दच मुळी फारसी. आमेरच्या राजा मानसिंगाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून मीनाकार आणून वसवले, अशी जयपूरची परंपरा सांगते. तिथे एकाच दागिन्यावर नक्षी काढणारा, घडवणारा, कोरणारा कलमकार आणि काच भरणारा मीनाकार अशी वेगवेगळी माणसं काम करतात. बनारसच्या गुलाबी मीन्याला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी या कोणाच्याही घराण्यातली नाही. सोनाराच्या घरातलीसुद्धा नाही. काच भरणं जयपुरात शिकले, आणि जे शिकले त्याच्या पाव भागही अजून नीट येत नाही.

पण निसर्ग दागिन्यात आणायचा म्हटलं तर आपल्याला कोणाकडे बघायची गरज नव्हती. नावंच घ्या: बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार, बकुळीहार, पायातली मासोळी. कोल्हापुरी साजाच्या पानांत कासव आहे, मासा आहे, कमळ आहे, भुंगा आहे आणि कारलंसुद्धा आहे. कारल्याला गळ्यात मान देणारे आपण! शेत, अंगण आणि स्वयंपाकघर या बायकांच्या रोजच्या जगातून हे आकार आले असावेत असं मला वाटतं. माझ्या कामात काच उत्तरेची, आकार इकडचे. साखळ्या मात्र मी करत नाही, त्या हुपरीहून येतात. हातकणंगले तालुक्यातल्या त्या गावात चांदीचं काम घराघरात चालतं, आणि त्यांच्या हातासारखी कडी माझ्या हाताला येणार नाही.

परदेशात याचं फार देखणं काम झालं आहे. फ्रान्सच्या रने लालिक या दागिने घडवणाऱ्याने १८९७-९८ च्या सुमारास केलेली ‘चतुर-स्त्री’, म्हणजे अर्धी बाई आणि अर्धा चतुर हा पंखवाला कीटक, लिस्बनच्या गुलबेंकियान संग्रहालयात आहे. तिचे पंख मागे धातू न ठेवता केलेल्या मीन्याचे आहेत, रंगीत काचेच्या खिडकीसारखे आरपार. ते तंत्र मी वर्षाकाठी दोन-तीनदा करून बघते आणि दर वेळी कानफटात खाऊन परत येते.

एवढीशी वस्तू आणि एवढी घडणावळ?

चांदीचा भाव त्या दिवसाचा, तो मी ठरवत नाही. त्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. मध्यम पदकाला साधारण दोन दिवस जातात: अर्धा दिवस कापणं, कोरणं आणि कानस, एक दिवस थर आणि भट्टी, उरलेला वेळ घासणं आणि कोंदण. यात भट्टीत बिघडलेल्यांचा खर्चही आला, कारण दहातले दोन-तीन बिघडतात. घासाघीस करू नका असं म्हणत नाही, पण ‘काचच तर आहे’ हे वाक्य वापरून करू नका.

यात शिसं असतं का? निकेलची ॲलर्जी आहे.

जुन्या पद्धतीच्या मीन्यात शिसं असायचं, त्याने काच लवकर वितळते आणि चमकते. मी शिसं नसलेली पूड वापरते. निकेल कशातच नाही. धोका असलाच तर तो करणाऱ्याला, कोरडी काचपूड फुप्फुसात जायला नको, म्हणून मास्क लावून बसते. लहान बाळांसाठी मात्र काहीच करत नाही. बाळ सगळं तोंडात घालतं.

सप्टेंबरमध्ये फोन का उचलत नाही?

कासला असते. शिवाय गणपतीचे दिवस. त्या महिन्यात नवी मागणी घेत नाही. दिवाळीला हवं असेल तर ऑगस्टच्या पंधरा तारखेपर्यंत सांगा. पावसाळ्यात पूड वाळायला वेळ लागतो, आणि ओलावा राहिलेली पूड भट्टीत गेली की लाहीसारखी फुटून उडते.

मला शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

तांब्याच्या पत्र्यापासून. स्वस्त असतो, आणि चुका लपवत नाही. आधी करवत आणि कानस हातात बसू द्या, काचेची घाई नको. बहुतेकांना भट्टीचं आकर्षण असतं, पण खरं काम पूड धुण्यात आहे. धुताना वर येणारं दुधी पाणी पूर्ण जाईपर्यंत धुतलं नाही तर पारदर्शक रंग कायम धुकट राहतो. मीही पहिले सहा महिने रंगाला दोष देत होते.

मी महिन्यातून एक शनिवार चार जणांना शिकवते. केस बांधून, सुती कपड्यांत, बंद चपला घालून या. बांगड्या काढून. वेळ सकाळी नऊची पाळा, कारण दुपारी आमच्याकडे कधीकधी वीज जाते. मागच्या खेपेला चौघींची फुलं भट्टीत आणि आकडा सातशेवरून खाली उतरत चाललेला, तेव्हा अंधारात बसून आम्ही पोह्यांचे दोन घाणे केले. वीज आल्यावर ती फुलं पुन्हा भाजली. तिघींची वाचली.